गुरम्माच्या स्वप्नात नसलेलं दार

१

लातुरात चोऱ्यांना काही तोटा नाही. गाड्या जातात, गळ्यातलं जातं, गंजगोलाईच्या गर्दीत चालत्या माणसाच्या खिशातून मोबाईल जातो आणि तो बिचारा घरी पोचेपर्यंत खिसा चाचपतही नाही. पण स्वप्न चोरीला गेल्याची तक्रार महादेवीबाईंनी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

तक्रार घेऊन आला होता त्यांचा भाचा अमरनाथ. तो मनाच्या आजारांचा डॉक्टर, औसा रोडला त्याचा दवाखाना. मार्गशीर्षातली मऊ दुपार होती. अंगणातल्या कडुनिंबाची सावली ओट्यावर हलत होती आणि महादेवीबाईंचे डोळे जेवणानंतर नुकते जड होऊ लागले होते.

"मावशी, गुरम्मा म्हणून माझी पेशंट आहे, निलंग्याकडची," अमरनाथ म्हणाला. "तिला वरचेवर एक स्वप्न पडतं. ते तिनं फक्त मला सांगितलं, नवऱ्यालासुद्धा नाही. परवा तिला एका परक्या माणसाचा फोन आला. तो म्हणे स्वप्नशास्त्री. त्यानं तिचं स्वप्न तिलाच सांगितलं, आणि वर म्हणाला, शांती केली नाहीस तर घरातलं एक माणूस जाईल."

महादेवीबाईंची झोप उडाली. "मग?"

"तिनं औषध बंद केलंय. आणखी दोघींना असेच फोन आलेत. मावशी, लोक माझ्यापुढे मन उघडतात ते बाहेर जाणार नाही म्हणून. उद्या कुणी तोंड उघडणार नाही. रईसाला येळवस झाली की कामावरून काढतोय. पेशंटचं सगळं तीच टाइप करते. दुसऱ्या कुणाच्या हाताखालून ते जातच नाही."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. दोन-तीन दिवसांवर आली होती.

महादेवीबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. तरुणपणी नांदेडला ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन लावण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास कसा घेतो ते आपल्याला कळतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. स्वतःची तारीफ करताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. पण नात्यागोत्यातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच भानगडी त्यांनी निस्तरल्या होत्या हेही खरं.

"शितावरून भाताची परीक्षा होते," त्या पदर सावरत उठल्या. "पण शीत आधी दाताखाली तरी घे. गुरम्माकडे चल."

२

गुरम्मा लातुरात लेकीकडे उतरली होती. गच्चीवर उन्हात बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात चालू, नजर मात्र कुठंतरी लांब. डॉक्टरला पाहताच तिनं तोंड फिरवलं. महादेवीबाईंनी त्याला खाली धाडलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसून शेंगा सोलू लागल्या.

"तुझं स्वप्न मला नको सांगू बाई," त्या म्हणाल्या. "ते तुझं तुझ्याजवळ राहू दे. फोनवरचा मेला काय म्हणाला तेवढंच सांग."

गुरम्मानं आणखी दोन शेंगा सोलल्या. खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी गेली, विरली.

"अक्का, त्यो म्हणला, तू कोरड्या तळ्यात उभी हायस. पानी न्हाई, पण पाय वले हायत. आन् तुझी मेलेली धाकटी भैन हाका मारून राहिली. माज्या तंगीचं, त्या धाकटीचं नावसुदिक त्याला ठावं. माजं काळीज असं थंडगार पडलं बघा."

"सगळं बरोबर सांगितलं?"

"हाव."

"नीट आठव. एखादी गोष्ट तरी चुकली असेल. दुसऱ्याचा सदरा घातला की कुठंतरी ढिला होतोच."

गुरम्मानं डोळे मिटले. ऊन तिच्या पापण्यांवर पडलं होतं. ती पुन्हा त्या तळ्यात उतरली असावी, कारण तिनं पाय पोटाशी ओढून घेतले.

"एक चुकलं," ती हळूच म्हणाली. "त्यो म्हणला, निळ्या दाराच्या मागून आवाज येतो. अक्का, माज्या सपनात दार न्हाई. कोरड्या तळ्यात कुटलं आलंय दार?"

३

दवाखान्यात शिरल्या शिरल्या महादेवीबाईंनी गुरम्माची नोंद मागून घेतली. संगणकावर वाचली, कागदावर छापलेली वाचली. कोरडं तळं होतं, ओले पाय होते, बहिणीची हाक होती. दाराचा मागमूस नव्हता.

"तुला ती दाराचं काही बोलली होती?" त्यांनी अमरनाथला विचारलं.

"कधीच नाही."

मग त्यांनी धोंडप्पाला धरलं. धोंडप्पा दवाखान्याचा कंपाउंडर, नंबर लावणारा, चहा आणणारा, सगळं तोच. त्याचा मेहुणा पोपटाकडून चिठ्ठ्या उचलवून भविष्य सांगायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"धोंडप्पा, डॉक्टरच्या दाराला कान लावतोस म्हणे."

"लावत न्हाई बाई, लागतो," तो जराही न लाजता म्हणाला. "दार हाय पातळ. मी बाहेर गोळ्या काढून राहतो, आत बाया रडून राहतात. कान काय खुंटीला टांगून ठिवू?"

"गुरम्माचं ऐकलंस?"

"ऐकलं की. तळ्याचं. लई वाईट वाटलं. घरी जाऊन जेवलो न्हाई."

"आणि मेहुण्याला सांगितलंस?"

आता मात्र धोंडप्पाचा चेहरा पडला. "बाई, मेहुण्याला मी तंबाखू देत न्हाई, सपन कुटून देऊ?"

महादेवीबाईंनी त्याच्या श्वासाकडे लक्ष दिलं. श्वास सरळ होता. "त्या तळ्यात दार होतं का रे?"

"दार?" धोंडप्पा गोंधळला. "न्हाई. दाराचं कायबी न्हाई ऐकलं."

मागच्या खोलीत रईसा टाइप करत होती. चाळिशीची, सडपातळ, डोक्यावर ओढणी, खिडकीतून येणाऱ्या पिवळ्या उन्हात अर्धी बुडालेली. कळांवर बोटं न बघता चालत होती. लोकांची स्वप्नं वर्षानुवर्षं टाइप करून तिच्या चेहऱ्यावरही झोपेतल्या माणसाची शांतता आली होती.

"रईसा," महादेवीबाईंनी दारातूनच विचारलं, "निळं दार कुणाचं गं?"

बोटं थांबली. रईसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"माझं हाय मावशी," ती म्हणाली. "पण तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर आजपर्यंत कुणालाच न्हाई सांगितलं."

४

"ऐकलंस?" मागून अमरनाथचा आवाज चढला. "तिनंच कबूल केलं! गुरम्माच्या स्वप्नात हिचं दार गेलं कसं? हिच्या हातून गेल्याशिवाय?"

"तिच्या हातूनच गेलं," महादेवीबाई म्हणाल्या. "तू बस. रईसा, तूही बस. पाणी पी आधी."

रईसानं पाणी घेतलं, पण प्यायली नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून ती बोलू लागली.

"मी किल्लारीच्या बाजूची, मावशी. भूकंप झाला तवा लहान होते. आमच्या नानीच्या घराला निळं दार होतं. सगळं घर बसलं, तेवढं दार उभं राहिलं. मला स्वप्नात तेच दिसतं. मागं काही न्हाई, नुसतं आभाळ. त्याच्यामागून आवाज येतो. पुढचं न्हाई सांगत. अम्मी म्हणायची, आवडतं स्वप्न बोलून दाखवलं की पुन्हा पडत न्हाई. म्हणून नवऱ्यालाबी न्हाई सांगितलं."

"मग गुरम्माच्या नोंदीत ते दार गेलं कसं?"

"डॉक्टरसाहेब बोलून रेकॉर्ड करून ठेवतात, ते मी कानाला लावून टाइप करते. त्या दिवशी 'आवाज येतो' टाइप करताना बोटांनी आपोआप 'निळ्या दारामागून' लिहिलं. नंतर वाचून बघितलं तर घाबरले. लगेच काढून टाकलं. अल्लाची कसम, फाइलीत ते कधी गेलंच न्हाई."

अमरनाथनं तोंड उघडलं, पण महादेवीबाईंनी हात वर केला.

"आता माझं ऐक. धोंडप्पानं दाराआडून ऐकून विकलं असतं, तर त्यात निळं दार नसतं, कारण गुरम्मा ते बोललीच नाही. तुझ्या तोंडून गेलं असतं तरी नसतं. कुणी फाइल पळवली असती तरी नसतं. राहिली रईसा. तिनं विकायचं ठरवलं असतं तर नीट केलेली नोंद विकली असती. जे दार तिनं नवऱ्याला दाखवलं नाही, ते चोराला कशाला दाखवेल? अमर, चोराच्या हाती गेलेला मजकूर चुकलेला होता. चूक झाल्यानंतरचा आणि ती पुसायच्या आधीचा. तेवढा वेळ तो होता कुठं, एवढंच शोधायचं."

पंखा संथ फिरत होता. रईसानं डोळे वर केले.

"पणतीत होता," ती म्हणाली.

"कसली पणती?"

तिनं संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं एक इवलीशी पणती तेवत होती. रईसा टायपिंगच्या क्लासात जुना फॉन्ट शिकली होती. बोटांना तेच वळण, नवा कीबोर्ड काही केल्या जमेना. पण जुन्या फॉन्टचा मजकूर दवाखान्याच्या नव्या प्रोग्रॅममध्ये टाकला की नुसता अक्षरांचा चिखल व्हायचा. म्हणून ब्राउझरमध्येच बसवलेलं हे छोटं एक्स्टेन्शन होतं, नाव 'अक्षरदिवा'. पणतीवर क्लिक करायचं, चौकट उघडायची, मजकूर आत टाकायचा, की शुद्ध मराठी होऊन बाहेर. रईसा तो तिथंच वाचायची, चुका काढायची, मग पेशंटच्या पानावर उतरवायची.

"हे बसवलं कुणी?"

"मीच टाक म्हणालो होतो," अमरनाथ पुटपुटला. "नांदेडच्या एका पोरानं केलंय, फुकट आहे, चांगलं आहे. बरीच वर्षं वापरतोय. पण मावशी, ते तर नुसतं अक्षरं बदलतं!"

"आणि मी नुसते कॉल जोडायची," महादेवीबाई म्हणाल्या. "बोलणाऱ्याला वाटायचं, आपण दोघंच आहोत."

५

येळवसेला लातूर रिकामं होतं. दुकानांना कुलपं, रस्ते सामसूम, सगळं शहर मिसळ भाज्यांच्या भज्जीची आणि अंबिलीची मडकी घेऊन शेतात. महादेवीबाईंनी नेमका तोच दिवस धरला. आदल्या दिवशी त्यांनी अमरनाथकडून किल्ली घेतली आणि सगळ्यांना बजावलं, की कुणी शेतातून हलायचं नाही. रईसालाही धोंडप्पाच्या बायकोनं आपल्या शेतात नेलं होतं.

रिकाम्या दवाखान्यात त्यांच्या चपलांचा आवाजही मोठा वाटत होता. खिडकीबाहेर उन्हाची धूळ तरंगत होती. त्यांनी संगणक लावला, नव्या पेशंटचं पान उघडलं, आपलं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. वय मात्र चांगलं भरपूर कमी लिहिलं. खोटंच लिहायचं तर त्यात कंजुषी कशाला?

मग पणतीची चौकट उघडून त्यांनी एक स्वप्न लिहिलं. ते त्यांना कधी पडलं नव्हतं. नांदेडच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये एक पांढरा हत्ती खुर्चीवर बसलाय. कानाला हेडफोन लावलाय. सोंडेनं तो तारा जोडतोय, आणि प्रत्येक तारेवर कुणीतरी झोपेत बोलतंय. लिहिता लिहिता त्यांना त्या हत्तीचा लळा लागला. खोलीभर तारांची जुनी गुणगुण भरून राहिल्यासारखं वाटलं.

क्लिक करून त्यांनी मजकूर बदलून घेतला. वाचला. मग अख्खा पुसला, काही न साठवता पान बंद केलं आणि कुलूप लावून भज्जी खायला शेतात गेल्या. त्या हत्तीबद्दल त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

येळवस होऊन गेली. दवाखाना उघडला. रईसा आली ती डोळे सुजवूनच. आपला निकाल आज लागणार, हे तिला ठाऊक होतं. महादेवीबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. चहाचा कप ओठाला लावणार तोच त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि आवाज मोठा केला.

"ताई," पलीकडून गोड, घोगरा आवाज आला, "पन्नाशीसुद्धा नाही तुमची, पण झोप उडालीय. खरं ना? मला दिसतंय. एक पांढरा हत्ती तुम्हाला छळतोय."

६

धोंडप्पानं हात जोडले, कुणाला ते त्यालाही कळलं नसावं. रईसा भिंतीला टेकून नुसती बघत राहिली.

"अहो महाराज," महादेवीबाई फोनात म्हणाल्या, "हत्ती छळत नाही हो, कामाचा आहे. तुम्हाला शोधायला मीच पाठवला होता."

फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.नं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेल्या. वजीराबादेतल्या एका गाळ्यात मुनीब भेटला. अक्षरदिवा त्यानंच बनवला होता. तिशीतला, डोळ्यांवर चष्मा, बोलताना हात सारखे केसांत.

"खाला, अब्बांचा छापखाना होता," तो म्हणाला. "जुन्या फॉन्टमुळं त्यांचे लई हाल व्हायचे. त्यांच्यासाठी बनवलं, मग लोकांना फुकट दिलं. पण अब्बा गेल्यावर माझ्यानं सांभाळणं होईना. श्रावणात कुण्या बाहेरच्या कंपनीचा ईमेल आला, आम्ही चालवतो म्हणून. मी देऊन टाकलं. चांगल्या हातात गेलं म्हणून खूश होतो."

"लोकांना सांगितलंस?"

मुनीबनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं आपल्या संगणकावर अक्षरदिवा उघडला आणि महादेवीबाईंना एक शब्द लिहायला सांगितला. त्यांनी 'हत्ती' लिहिलं. त्यानं काही खिडक्या उघडून पाहिल्या आणि त्याचे हात केसांतून खाली आले.

"इथं लिहिलेलं सगळं त्यांच्याकडं चाललंय. शेजारच्या पानावर नाव-नंबर उघडा असला तर तोसुद्धा. तिथूनच तुमच्या त्या फोनवाल्याला मिळत असणार. माझ्या वेळी काहीच बाहेर जात नव्हतं, खाला. सगळी पानं वाचायची परवानगी मी तवाच मागून ठेवली होती, कुठंबी चालावं म्हणून. लोकांनी ती माझ्या भरवशावर दिली. हे प्रोग्रॅम आपले आपण नवे होतात, कुणाला विचारत न्हाईत. पणती तीच राहिली, आत माणूस दुसरा बसला."

तक्रारीवर सही करायला तो स्वतः त्यांच्याबरोबर सायबर पोलिसांकडे आला. वाटेत एकदाच बोलला. "अब्बांसाठी बनवलं होतं," एवढंच.

७

"म्हणजे असलं सगळंच ब्राउझरमधून उपटून टाकायचं?" अमरनाथनं विचारलं. पणती त्यानं काढून टाकली होती. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, कारण एकेका पेशंटला त्यानं स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं होतं. गुरम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. "मेल्याला दार चुकलं तवाच मला शंका आल्ती," असं ती आता सगळ्यांना सांगत होती.

"आम्हाला एक्स्चेंजमध्ये सगळं ऐकू यायचं," महादेवीबाई म्हणाल्या. "म्हणून कुणी फोन बंद केले नाहीत. पण ड्यूटी बदलली की मी खुर्चीवर कोण बसलंय ते बघायची. तू एकदा किल्ली दिलीस आणि पुन्हा कधी डोकावला नाहीस. लागेल तेवढंच ठेव, आणि मधूनमधून बघत जा. आता ते राहू दे. तुला दुसरं काम आहे."

अमरनाथ मागच्या खोलीत गेला. रईसा नव्या कीबोर्डवर चाचपडत एकेक अक्षर शोधत होती.

"रईसा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी विचारायच्याही आधी तुला चोर ठरवलं. माफ कर."

रईसानं मान हलवली. पण तिचा चेहरा उजळला नाही. डॉक्टर गेल्यावर महादेवीबाई तिच्यापाशी बसल्या.

"आता काय झालं? नाव निर्मळ झालं की."

"नाव राहिलं मावशी, दार गेलं." रईसाचे डोळे भरून आले. "त्या माणसाच्या तोंडी लागल्यापासून ते दिसतच न्हाई. अम्मी म्हणायची तसंच झालं. बोललं की सरतं."

"तू कुठं बोललीस? तुझं चोरीला गेलं. चोरी वेगळी आणि सांगणं वेगळं." महादेवीबाईंनी संगणक बंद केला, फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि खिडकीजवळ खुर्ची ओढली. "सांगायचं असेल तर सांग. नसेल तर दोघी नुसत्या बसू."

बराच वेळ दोघी नुसत्याच बसल्या. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मग रईसा सांगू लागली, अगदी हळू. दार वाजवलं की आतून नानी म्हणते, थांब गं, आले. कड्या वाजल्यासारख्या होतात. पण दार काही उघडत नाही, आणि ती वाट बघत उभी राहते, आणि ती वाट बघणंच तिला आवडतं. हे सांगताना ती रडली आणि हसलीही. कुणी काही लिहून घेतलं नाही.

त्यानंतर एका सकाळी महादेवीबाई ओट्यावर घोळाण्यासाठी हरभऱ्याची कोवळी पानं निवडत होत्या. रईसा कामावर जाता जाता फाटकाशी थांबली. तिचा चेहरा झोपेतून नुकत्याच उठलेल्या लेकरासारखा दिसत होता.

"मावशी, काल दार दिसलं."

"मग? वाजवलंस?"

"न्हाई. उघडंच होतं."

महादेवीबाईंचा हात थांबला. "आणि आत?"

रईसानं ओढणी सावरली आणि हसली.

"ते न्हाई सांगत," ती म्हणाली. "तेवढं माझं हाय."

जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलेल्या महादेवीबाईंनी मान डोलावली, आणि पुढचं काही विचारलं नाही.